पायऱ्या नसलेली विहीर

शेळगीच्या सोजरबाईंना राग आला की त्या बोलायच्या थांबतात, हे त्यांच्या सुनेला, रेश्माला, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून त्या दुपारी सासूचे हात परातीत थांबले आणि तोंडही मिटलं, तेव्हा तिनं आधी आपलंच काही चुकलं का ते आठवून पाहिलं.

चुकलं काहीच नव्हतं. दोघी नेहमीसारख्या कडक भाकऱ्या करत बसल्या होत्या. सोजरबाई थापायच्या, रेश्मा भाजायची, आणि पापडासारख्या पातळ भाकऱ्या पंख्याखाली चादरीवर वाळत पडायच्या. गावातली काही हॉटेलं त्या घेऊन जात. हात कामात असले तरी कान रिकामे, म्हणून रेश्मा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून काहीबाही लावून ठेवी. त्या दिवशी तिला 'गोष्टवेल' नावाच्या कुठल्याशा ॲपवर सोलापूरचं नाव दिसलं. 'सोलापूरचे कुंडलिक मास्तर : रेडिओवरच्या अमर गोष्टी.' तिनं बोट लावलं आणि डब्याशेजारून एक खर्जातला, जरासा नाकातला आवाज आला. "दिवं लागलं का मंडळी घरोघरी? मग या बसा."

मास्तर जाऊन वीसेक वर्षं झाली होती. सोजरबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पिठाच्या हातानंच त्यांनी पदर सावरला, आणि मास्तरांनी पहिलं वाक्य संपवून श्वास घेतला तशी यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हूं."

रेश्मा हसली. सोजरबाईही हसल्या. पण दुसऱ्या वाक्याला त्यांच्या लक्षात आलं, की मास्तर श्वासच घेत नाहीत. एका वाक्याच्या टाचेवर दुसरं वाक्य पाय देतंय. जिथं त्या काळी सोजरबाईंनी "मग वो?" म्हटलं होतं तिथं काही नाही. जिथं त्या खुदकन हसल्या होत्या तिथं कुणीतरी बासरी वाजवली होती. त्यांनी दुसरी गोष्ट लावायला सांगितली, मग तिसरी. सगळीकडं तेच. मास्तर एकटेच बोलत होते, भिंतीशी बोलावं तसे.

तेव्हाच त्यांचे हात थांबले.

रेश्माला हे माहीत नव्हतं असं नाही, पण अर्धंच माहीत होतं. सासूबाई पूर्वी रेडिओत होत्या, एवढं ती माहेरी, अकलूजला, कौतुकानं सांगायची. काय करत होत्या ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

सोजरबाईंचे यजमान जोतीराम रेडिओ केंद्राच्या आवारात बागेचं काम करत. सोजरबाई रोज दुपारी त्यांची भाकरी घेऊन जायच्या आणि लिंबाखाली बसायच्या. त्याच काळात करमाळ्याकडचे एक शाळामास्तर गोष्टी सांगायला म्हणून केम स्टेशनावरून रेल्वेनं येऊ लागले. पारावर बसून गोष्ट सांगावी ती कुंडलिक मास्तरांनीच, अशी त्यांची ख्याती होती. पण काचेच्या त्या बंद खोलीत बसवल्यावर मास्तर धडा वाचल्यासारखे बोलू लागले. पहिले दोन कार्यक्रम असेच वाया गेले. तिसऱ्या वेळी ते सरळ बाहेर येऊन म्हणाले, की मला समोर माणूस लागतं, माईकच्या लोखंडी बोंडाला मी गोष्ट सांगू शकत नाही. लिंबाखाली सोजरबाई बसल्या होत्या. मास्तरांनी त्यांनाच हाक मारली.

त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी काचेच्या खोलीत दोन खुर्च्या असत. मास्तर सांगायचे आणि सोजरबाई हुंकार द्यायच्या. हुंकार म्हणजे नुसतं 'हूं' नव्हे. ज्यानं कधी दिला आहे त्यालाच ते कळतं. 'पुढं सांगा' याचा हूं वेगळा, 'हे काय पटलं न्हाय' याचा वेगळा, आणि 'आता रडवू नका' याचा तर फारच वेगळा. त्या वाद घालायच्या. एका गोष्टीत मास्तरांनी सावकाराच्या बायकोला भर उन्हाळ्यात ज्वारी काढायला पाठवलं, तर सोजरबाईंनी 'तवा ज्वारी रानात आसती व्हय?' म्हणत तिला तिथंच अडवलं, आणि मास्तरांना बिचाऱ्या बाईला घरी आणून पापड लाटायला बसवावं लागलं. जिल्हाभर लोक हसले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नाव फक्त मास्तरांचं घेतलं जाई, पण मंगळवार बाजारात सोजरबाईंनी कोथिंबिरीचा भाव विचारला की भाजीवाली मान वर करून बघायची. "तुमी रेडिओवरच्या हुंकारबाई व्हय?" मग जुडी थोडी जाड यायची.

हे सगळं सांगून झाल्यावर सोजरबाईंनी रेश्माला विचारलं, "त्यात हिरीची गोष्ट हाय का बग."

होती. 'विहीर : एक करुण कथा.' सगळ्यात जास्त ऐकलेली तीच होती. सुरुवातीला कुणी विद्वान गृहस्थ बोलत होते, की नियतीपुढं हतबल झालेल्या ग्रामीण स्त्रीचं इतकं संयत चित्र दुसरीकडं सापडणार नाही. मग मास्तर आले. चंद्रा नावाची सून, तिचा सासुरवास, फुटलेल्या रांजणाचा आळ, नवऱ्याचं गप्प राहणं. शेवटी पहाटेची वेळ. "दगडी पायऱ्या, त्यावर शेवाळ. चंद्रा घागर बुडवायला वाकली, आन् पाय घसरला."

मग बासरी. आणि गोष्ट संपली.

सोजरबाई उठल्या. मोरीत जाऊन त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, आणि परत येऊन म्हणाल्या, "पुन्यांदा लाव. शेवटचं."

पुन्हा पाय घसरला. पुन्हा बासरी.

"हितं संपत न्हाय ही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की रेश्मानं शेगडी बंद केली.

मग त्यांनी जे सांगितलं ते रेश्मानंच काय, त्यांच्या मुलानं, पृथ्वीराजनंही कधी ऐकलं नव्हतं. सोजरबाईंना थोरली बहीण होती, हौसा. सांगोल्याच्या बाजूला एका मेंढ्यावाल्या, बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरी दिली होती. तिला एक मूल झालं, आणि ते रांगतं-चालतं असताना एके दिवशी निरोप आला, की हौसा विहिरीत पडली, पाय घसरला. माहेरची माणसं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सोजरबाईंचे वडील हात जोडून उभे राहिले, दोन्हीकडच्या चार शहाण्यांनी पाय घसरला असं ठरवलं, आणि सगळे घरी परत आले. येताना सोजरबाईंनी ती विहीर पाहिली होती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मास्तरांनी ही गोष्ट काढली. कार्यक्रम थेट जायचा, मागं-पुढं काही नाही. मास्तर म्हणाले, पाय घसरला. आणि समोरून हूं आला नाही. मास्तरांना वाटलं बाईंचं लक्ष नाही, म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं.

"न्हाय घसरला," सोजरबाई म्हणाल्या.

"शेवाळ हुतं, बाई."

"ती सासरी आल्यापासनं त्याच पायऱ्या उतरतिया. शेवाळ कुटं हाय ते तिला ठावं न्हाय व्हय?" आणि मग, थांबवायला कुणी नव्हतंच म्हणून, त्या पुढं बोलल्या. "माज्या थोरल्या भैनीचा बी पाय घसरला म्हनत्यात. हौसा तिचं नाव. त्या हिरीला पायऱ्याच न्हाईत, मास्तर. वरनं रहाटानं पानी काडत्यात. पायऱ्याच न्हाईत तितं पाय घसरतो कसा, ते सांगा तुमी मला."

रेडिओवर काही क्षण नुसती खरखर गेली. काचेपलीकडचा माणूस उभा राहिला होता. मास्तर टेबलाकडं बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "मग ह्या चंद्राचं काय करू म्हनता?"

"वर काडा तिला. आन् कुनी काय केलं ते तिच्या तोंडानं सांगू द्या."

मास्तरांनी काढली. त्यांची वाक्यं तुटत होती, वेळ केव्हाच संपली होती आणि बाजारभाव सांगणारा ताटकळत होता. पण चंद्रा वर आली, ओल्या लुगड्यानं चावडीसमोर उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन बोलली. आणि त्या सबंध वेळात सोजरबाईंनी हुंकार दिला.

त्याची किंमत पुढं बरीच पडली. हौसाचा दीर आणि दोघं-तिघं जण रेडिओच्या फाटकावर येऊन शिव्या देऊन गेले. जोतीराम कधी कुणाला वर मान करून न बोललेला माणूस; त्यांनी फाटक लावून घेतलं आणि शिव्या संपेपर्यंत आतून मेंदीला पाणी घालत राहिले. वडिलांनी सोजरबाईंशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. आई मात्र पुढच्या आठवड्यात एकटीच एसटीनं आली, घोटभर चहा प्याली, आणि निघताना म्हणाली, की लेकी, मला बोलता आलं न्हाय, तू बोललीस.

"आन् ह्यांनी तिला परत ढकलली," सोजरबाई म्हणाल्या. "परत पाय घसरवला."

रेश्मा उठली. तिनं जाऊन आतून सासूच्या चपला आणल्या.

मास्तरांचा मुलगा अमृतराव जुळे सोलापुरात राहत होता. बँकेतून निवृत्त झालेला, बोलायला मऊ माणूस. गोष्टींच्या कॅसेटी त्याच्याच होत्या. त्याची आई दर गुरुवारी स्वयंपाकघरात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरून घ्यायची. पुण्याच्या कंपनीनं त्या नेल्या, साफ केल्या, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या होत्या, कुत्री भुंकत होती, आईचं भांड्यांचं आपटणं होतं, ते सगळं काढलं म्हणे.

"आन् मी," सोजरबाई म्हणाल्या.

अमृतरावानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्याला वाटत होतं या बाई बाबांना स्टुडिओत पाणी द्यायच्या. रेश्मानं सगळं समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की बरोबर आहे, पण हल्ली लोकांना एकसंध ऐकायला आवडतं, मध्ये मध्ये कुणी बोललं की रस जातो. आणि विहिरीच्या गोष्टीबद्दल म्हणाला, की बाबांचं शंभरावं वर्ष आहे, पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे, अशा वेळी जुनी भांडणं उकरून काय उपयोग? वर तो असंही म्हणाला, की कार्यक्रमात तुमचा मान आम्ही नक्की ठेवू. शाल आणि श्रीफळ देऊ.

सोजरबाईंनी समोरचा चहा तसाच ठेवला. जिन्यात आल्यावर त्या रेश्माला म्हणाल्या, की माझ्या तोंडात बोळा कोंबतोय आणि वर तोंडावर शाल टाकतोय.

अमृतरावाकडून मिळालेल्या नंबरावर दुसऱ्या दिवशी फोन लागला. पलीकडं उत्कर्षा नावाची मुलगी होती. त्या गोष्टींचं कापणं-जोडणं तिनंच केलं होतं. ती अदबीनं बोलत होती. आजी, आम्ही मशीनवर मुख्य आवाज तेवढा वेगळा काढतो, बाकीचं आपोआप जातं, असं तिनं सांगितलं.

"हिरीच्या गोष्टीत मास्तर शेवटी चांगले पंधरा मिंटं बोलल्यात. त्यो तर मुख्य आवाज हाय की. त्यो कुटं गेला आपोआप?"

 मग ती म्हणाली, तो भाग वगळलाय. तिथं गोष्ट तुटल्यासारखी वाटते, आणि त्यात कुणाच्या तरी घरावर आरोप आहे, म्हणून वरच्यांनी नको म्हटलं.

"म्हंजी तुमी ऐकलंया," सोजरबाई म्हणाल्या.

"हो."

"समदं ऐकलंया. माज्या भैनीचं नाव बी."

"हो, आजी."

"मशीननं काडलं आसतं तर मी गप बसले आसते. मशीनला भैन नसती." आणि त्यांनी फोन रेश्माच्या हातात दिला.

पुढचे दिवस त्या घरात फार बोलणं झालं नाही. पृथ्वीराज म्हणाला, आई, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, जाऊ दे. त्याच्या ताटात त्या दिवशी भाकरी पडली ती आदळून पडली. सोजरबाईंना राग अमृतरावाचा नव्हता, त्या पोरीचाही नव्हता. आला होता तो त्या विद्वानाचा, ज्यानं 'हतबल' म्हटलं होतं. कोण हतबल? हौसा लहानपणी एकटीनं लांडग्याला काठीनं हाकलून आली होती. हतबल म्हणे. ज्यांनी ढकललं त्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि जी गेली तिला हतबल म्हणून मोकळं व्हायचं. ऐकणाऱ्यानं डोळे पुसायचे आणि पुढची गोष्ट लावायची.

कार्यक्रमाला त्या गेल्या. जायचं नाही असं रेश्मालाच वाटत होतं, पण त्यांनी पेटीतलं इरकल काढून नेसलं तेव्हा ती मुकाट्यानं रिक्षा बघायला गेली.

सभागृह भरलेलं होतं. तरुण थोडे आणि म्हातारे फार. टोप्या, काठ्या, कानातली यंत्रं. गुरुवारी संध्याकाळी रेडिओजवळ बसणारी माणसंच ती. कोपऱ्यात एका टेबलावर यंत्रं मांडून उत्कर्षा बसली होती. भाषणं झाली. मग अमृतरावानं माईकवर सांगितलं, की बाबांच्या काळात स्टुडिओत त्यांची सेवा करणाऱ्या सोजरबाई आज आपल्यात आहेत, त्यांचा सत्कार करू या.

सोजरबाई वर गेल्या. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. त्यांनी शाल काढली, तिची नीट चौघडी केली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि माईकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. अमृतराव अर्धवट उठला, पण इतक्या लोकांपुढं एका म्हातारीच्या हातून माईक कसा काढायचा ते त्याला कळेना.

त्यांनी लांबण लावली नाही. मी पाणी देत नव्हते, हुंकार देत होते, एवढं त्यांनी सांगितलं. आता तुम्हाला जी विहिरीची गोष्ट ऐकवतील ती अर्धी आहे, उरलेली यांनी कापून टाकली आहे, कारण उरलेल्या अर्ध्यात माझ्या बहिणीचा खून आहे. खून हा शब्द त्यांनी तेव्हा रेडिओवरही वापरला नव्हता. 

तिसऱ्या रांगेतून एक उंच, पांढरा फेटा बांधलेला म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला. अक्कलकोटचे शिवलिंगप्पा, जुने कापडवाले. "हौद्री, होय," ते म्हणाले, "बाई बोललेली खरं आहे. आमच्या दुकानात रेडिओ चालू होता. गिऱ्हाईक, नोकर, सगळे हातातलं कापड तसंच धरून उभे राहिले. घरात आमच्या अव्वानं, आईनं, ऐकलं आणि त्या रात्री ती जेवली नाही. का जेवली नाही ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही." त्यांनी अमृतरावाकडं पाहिलं. "पूर्ण लावा की, साहेब."

मागून दोन-चार जण म्हणाले, व्हय, पूर्ण लावा. अमृतराव माईकवर आला आणि म्हणाला, की आम्हालाही आवडलं असतं, पण दुर्दैवानं त्या ठिकाणी कॅसेट खराब झाली आहे.

"खराब नाहीये," उत्कर्षा म्हणाली.

ती टेबलामागं उभी राहिली होती. तिनं दुसऱ्या कुणाकडं पाहिलं नाही. तिनं खाली वाकून काहीतरी दाबलं, आणि सभागृहात कुकरची शिट्टी झाली. मागं कुठंतरी भांडं आपटलं. मग मास्तर म्हणाले, आन् पाय घसरला. आणि हूं आला नाही.

सोजरबाईंनी आपला तो आवाज आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की आपण तेव्हा ठणकावून बोललो. तसं नव्हतं. आवाज कापत होता. 'हौसा तिचं नाव' म्हणताना तर तो बसलाच होता, आणि पुढचं वाक्य त्या बाईनं कसंबसं ओढून काढलं होतं. कुठली तिशीही न गाठलेली बाई ती. व्यासपीठावर उभ्या असलेल्या सोजरबाईंना तिची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ पुन्हा संताप, की एवढी घाबरलेली असून जी बोलली, तिचंच बोलणं या लोकांनी कुत्र्याच्या भुंकण्याबरोबर झाडून टाकलं.

गोष्ट शेवटापर्यंत चालली. चंद्रा वर आली. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं हळूहळू उठली. बऱ्याच बायका व्यासपीठापाशी आल्या आणि सोजरबाईंचा हात धरून गेल्या.

पुढं उत्कर्षाची नोकरी गेली की तिनं सोडली ते नीट कळलं नाही. ती फोनवर म्हणाली की दोन्हीचं मिळून काहीतरी झालं. कार्यक्रमात कुणीतरी सगळं मोबाईलवर उतरवून घेतलं होतं, ते गावोगाव फिरलं, आणि कंपनीकडं इतक्या लोकांनी विचारणा केली की अखेर त्यांनी पूर्ण गोष्ट चढवली. पण कशी चढवली? 'विहीर : एक करुण कथा' आहे तिथंच ठेवली, बासरीसकट, विद्वानासकट. आणि तिच्या खाली बारीक अक्षरात 'विहीर : असंपादित. सहभाग : एक ग्रामीण श्रोता.' रेश्मानं ते वाचून दाखवलं तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, की श्रोता कोण, मी का ऐकायला गेले होते? रेश्मानं त्याखालच्या अभिप्रायांत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. ते दोनदा पुसलं गेलं. तिनं तिसऱ्यांदा लिहिलं आणि अकलूजच्या आपल्या बहिणींनाही लिहायला लावलं.

नंतर एके सकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पंचेचाळिशीचा, उन्हानं रापलेला. हातात डाळिंबांची पेटी होती आणि ती खाली ठेवावी की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्यानं नाव सांगितलं, बिभीषण. गाव सांगितलं. सोजरबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. हौसाचं ते रांगतं पोर त्यांनी शेवटचं पाहिलं होतं ते चुलतीच्या कडेवर. त्यानंतर त्या घरानं माहेरच्या कुणाला त्याची सावली दिसू दिली नव्हती.

त्याला आत बसवलं. पाणी दिलं. तो खाली बघत बोलू लागला. मोबाईलवर ऐकलं म्हणाला. आईचं नाव ऐकलं. घरी त्याला कायम सांगितलं होतं, की पाय घसरला. आजीनं वाढवलं, चांगलं वाढवलं, स्वतःच्या हातानं भरवलं. ती आजी आता नाही, वडील नाहीत. चुलते आहेत, अंथरुणाला खिळलेले. त्यांना जाऊन विचारलं तर ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

"मावशी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग आला, "तुमाला ठावं हुतं. मग मला का न्हाय सांगितलं? मी काय परका हुतो?"

"सांगितलं की," सोजरबाई म्हणाल्या. "कुनी दाराशी येऊ दिलं मला? तुज्या घरच्यांनी येऊ दिलं? म्हनून रेडिओवर सांगितलं. समद्या जिल्ह्याला ऐकू गेलं. तुज्याच घरातला रेडिओ त्या दिवशी दगडावर फोडला तुज्या चुलत्यानं, फाटकावर येऊन त्यानंच सांगितलं मला."

बिभीषणानं हातातला पेला खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, की विहिरीला खरंच पायऱ्या नव्हत्या का? आता ती बुजवली आहे, वर गोठा आहे.

"न्हवत्या."

"कुनी ढकललं?"

सोजरबाईंना हे सांगता आलं नाही, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. तशा त्यांच्या मनात दोन नावं होती, आणि त्यातलं एक त्याला घास भरवणाऱ्या हातांचं होतं. त्यांनी ते ओठांपर्यंत आणलं. समोर बसलेल्या माणसाची हनुवटी हुबेहूब हौसाची होती. त्या म्हणाल्या, की मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं मी कुणाच्या नावावर घालणार नाही. पण ती पडली नाही, एवढं तू मरेपर्यंत धरून ठेव, आणि तुझ्या पोरांना सांग.

रेश्मानं दोघांना जेवायला वाढलं. तो जेवला, पण भाकरीचे तुकडे करत बसण्यातच त्याचा वेळ गेला. निघताना त्यानं सोजरबाईंच्या पायावर डोकं ठेवलं, आणि उठल्यावर म्हणाला, की चुलत्यांना पुन्हा विचारणार, रोज विचारणार, ते बोलेपर्यंत.

"इच्यार," सोजरबाई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या राहून त्याची मोटरसायकल वळेपर्यंत बघत होत्या. मग आत येऊन त्यांनी डाळिंबांची पेटी उघडली, एक फळ फोडलं, आणि दाणे सोलता सोलता रेश्माला विचारलं, की ती बासरीवाली गोष्ट अजून किती जण ऐकतायत. रेश्मानं मोबाईल पाहिला आणि आकडा सांगितला. तो पूर्ण गोष्टीच्या दुपटीहून जास्त होता.

सोजरबाईंनी हातातली साल टोपलीत फेकली आणि बोलायच्या थांबल्या.